लाल दोऱ्याची फुली

अशा जवळ सरका मंडळी, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे. आज एका सुनेची गोष्ट सांगायची आहे. देवाचं नाव तिच्यात फारसं येणार नाही, पण तो कुठे बसला होता ते तुम्ही ओळखालच.

या सुनेच्या सासूबाईंचं गाद्या-उशांच्या खोळी शिवायचं दुकान. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंची एक बाजू लुळी पडली. तेव्हापासून पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत पलंग, आणि मधल्या दारात सून. नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. सासूबाई सुनेशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी पीत नसत. शेजारणीने पेला पुढे केला तर ओठ गच्च मिटून घेत.

दुपारी त्यांचा डोळा लागला की सून फोन उघडायची. घरच्या घरी आजाऱ्यांचं करणाऱ्यांचा तिथे एक कट्टा होता. ना नाव, ना गाव. ही तिथे 'टाचणी'. एकदा सकाळपासून तिसरी चादर बदलून झाली, वर सासूबाईंनी भरवायची वाटी उडवून लावली. त्या दुपारी टाचणीने लिहिलं, 'देवा, सोडव एकदाची. तिला की मला, ते तूच ठरव.'

मिनिटाभरात खाली कुणीतरी लिहिलं, 'मी पण.'

तो 'चौथा मजला'. एका खोलीत एकटाच वडिलांचं करायचा, एवढंच ठाऊक. मग आणखी कितीतरी जण 'मी पण' म्हणाले, आणि टाचणीला बऱ्याच दिवसांनी पोटभर रडू आलं.

पुढच्या आठवड्यात चौथ्या मजल्याने विचारलं, 'वडिलांची टाच चिघळलीय. काय करू?' हिने सासूबाईंसाठी उशी शिवलेलीच होती. पोटरी टेकते, टाच अधांतरी राहते. कशी शिवायची ते त्याला नीट कळावं म्हणून तिने ती उलटी केली आणि फोटो टाकला.

उलट्या उशीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली होती. माल दुरुस्तीला परत आला तर आपला ओळखू यावा म्हणून सासूबाई प्रत्येक खोळीत आतून तशी फुली घालत. सुनेचा हात आता न विचारताच ती घालायचा.

परगावी राहणारी नणंद आईच्या टाचेसाठीच फोनवर शोधाशोध करत होती. तिला ती फुली दिसली. मग तिने टाचणीचं मागचं सगळं वाचून काढलं, आणि रागाच्या भरात खाली लिहून मोकळी झाली: ही कोण, दुकान कुठलं, गल्ली कुठली. सकाळी स्वतःच दारात हजर.

"आई, ऐक तुझ्या लाडक्या सुनेचे प्रताप!"

"वन्सं, काय बोलायचं ते मला बोला. त्यांना नका ना वाचून दाखवू."

"का? लिहिताना नाही लाज वाटली?"

आणि तिने वाचलं. तिला की मला, तिथपर्यंत. सून चौकट धरून उभी. आता या माझ्या हातचं पाणीही घ्यायच्या नाहीत, एवढंच तिच्या मनात.

सासूबाई तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलायच्या, पण धार तीच. "फोटो दाखव." बराच वेळ पाहून म्हणाल्या, "शिवण वाकडी आलीय."

"आई, अगं मी काय वाचलं!"

"बहिरी नाही मी. माझ्या सासूचं नऊ वर्षं केलं. मीही असंच म्हणायचे, तोंडात पदर कोंबून. पदराने कधी चुगली केली नाही." दम खाऊन त्या म्हणाल्या, "ही फुली तुलाही शिकवली होती. माझ्यासाठी एक तरी उशी शिवलीस?"

नणंदेचे डोळे भरले. "मला वाटलं, ही तुला त्रास देते. म्हणून तिचं नाव-गाव लिहून टाकलं तिथे."

"देते ना! केस विंचरते की शेत नांगरते, देव जाणे. पुस आधी तिचं नाव." मग दाराकडे न बघताच, "पाणी दे गं. उभी काय राहिलीस?"

सुनेने पेला त्यांच्या ओठांना लावला. पाणी थोडं सांडलं, ते तिने पदराने टिपलं.

नणंदेने लिहिलेलं पुसलं. पण वाचलेलं कसं पुसायचं? समोरची दुकानदारीण आजही हिच्याकडे जरा जास्तच गोड हसते. आणि कट्टा गप्प झाला. आपलीही कुठे एखादी फुली राहून गेली असेल, या धास्तीने माणसं निघून गेली. चौथ्या मजल्याने आपलं सगळं काढून टाकलं, ते 'मी पण'सुद्धा. त्याने उशी शिवली की नाही, कळलंच नाही.

सुनेने त्याचं सगळं सांगितल्यापासून आता दुपारी सासूबाई झोपत नाहीत. "आला का गं तुझा चौथा मजला?"

"नाही हो."

"उद्या बघ."

तेव्हा मंडळी, हात जोडाल तेव्हा त्याला विसरू नका. नाव विचारू नका, पत्ता शोधू नका. तो ज्याला ठाऊक असायचा त्याला आहे. नुसतं म्हणा, चौथ्या मजल्यावर एक मुलगा आहे, आणि एका म्हाताऱ्याची टाच दुखतेय.