देवधरांच्या जानव्याची किल्ली

श्यामकांत देवधरांच्या जानव्याला एक किल्ली बांधलेली होती. ते चालायला लागले की ती बंडीच्या बटणावर आपटून टिणटिण वाजायची, आणि आजोबा जिन्यावरून येतायत हे कोलकात्यातल्या बालीगंजच्या त्या अख्ख्या इमारतीला आधीच कळायचं. तिसऱ्या मजल्यावरची ऋचा कठड्यावरून वाकून ओरडायची, "घंटा वाजली, हातरिक्षा आली, बाजूला व्हा!"

देवधरांना हे ऐकू यायचं. पण ज्या माणसाने गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात उभी हयात नियम पाळण्यात आणि न पाळणाऱ्यांना पत्रं धाडण्यात घालवली, तो असल्या पोरकटपणाकडे लक्ष देत नसतो. तेही द्यायचे नाहीत. फक्त त्यानंतर किल्ली मुठीत धरून चालायचे.

ही किल्ली तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीची. आसपासच्या मराठी घरांचं मंडळ चिमुकलं, पण खोली चांगली ऐसपैस. ती उघडायची गणपतीत आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बाकी वर्षभर तिथे मखर राहायचं. एकटं, डोक्यावर पंखा असलेलं. ते देवधरांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या हातांनी केलं होतं. सागवानी खांब, खांबांवर वेली, वेलींवर पोपट आणि वर आरशांची कमान. गणपती पाहुण्यासारखे येऊन जायचे, मखर मात्र हक्काचा भाडेकरू. देवधरांच्या पत्नी मंगलाकाकू म्हणायच्या, "आमच्या सारंगला लहानपणी एवढं जपलं असतं, तर तो पुण्याला पळाला नसता."

मंगलाकाकूंचे गुडघे बोलायला लागल्यापासून देवधरांचं घर शेफालीच्या हातावर चालत होतं. शेफाली जवळच्याच कसबा वस्तीतून यायची, इमारतीतल्या चार मराठी घरांत सकाळ-संध्याकाळ काम करायची. त्या घरांत वावरून तिचं मराठी असं झालं होतं की ऋचाचं त्यापुढे फिकं पडावं. आणि तिचं थालीपीठ! मंगलाकाकू पुण्याच्या बहिणीला फोनवर सांगायच्या, "असं थालीपीठ तुझ्या सुनेला सात जन्मांत जमायचं नाही." मग बहीण बरेच दिवस फोन करायची नाही.

संक्रांत तोंडावर आली आणि एका संध्याकाळी शेफालीने थालीपीठ थापता थापता सांगून टाकलं, "काकीमा, पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचं काम सोडते. चारही घरांचं."

काकूंच्या हातातली लोण्याची वाटी तिथेच थांबली.

कारण होतं टुसू. टुसू शेफालीची मुलगी, दुसरीतली, दोन शेंड्या आणि हजार प्रश्न. तिला शाळेनंतर सांभाळणारी आजी धाकट्या मुलाकडे गावी निघून गेली. मग टुसू दप्तर घेऊन इमारतीच्या जिन्यात बसायला लागली. तिच्या सोबतीला इस्त्रीवाल्याची जुळी आली, मग एका ड्रायव्हरची मुलगी. जिन्यात पाढे सुरू झाले, भांडणं सुरू झाली, आणि लगेच इमारतीच्या कमिटीने फर्मान काढलं की जिन्यात मुलं बसवू नयेत. कमिटीकडे तक्रार कुणी केली होती, हे सांगायला हवं का? पत्राला डावीकडे रेल्वेतल्यासारखा समास सोडलेला होता.

मोठ्या रस्त्यावर एक पाळणाघर होतं. काचेचं दार, दारावर हसरा हत्ती. शेफाली तिथे विचारून आली होती. "त्यांची फी भरायची म्हणजे संध्याकाळची सगळी कमाई त्यांनाच द्यायची," ती म्हणाली. "मुलीला सांभाळायला पैसे लागतात म्हणून मुलीला सोडून कामाला जायचं. हसतो तो हत्ती, बरोबरच आहे त्याचं."

दुसऱ्या दिवशी ऋचा देवधरांच्या दारात. ही मुलगी परवापरवापर्यंत मंडळाच्या कार्यक्रमात बोलायला उठली की पहिलंच वाक्य विसरून खाली बसायची. दहावीत जाऊन तिने काय खाल्लं होतं कोण जाणे.

"आजोबा, किल्ली द्या."

"कुठली?"

"तुमच्या पोटावर वाजते ती. मुलं संध्याकाळी खोलीत बसतील."

"खोली सांस्कृतिक कार्यासाठी आहे. नियमात लिहिलंय."

"मुलं काय असांस्कृतिक असतात?"

"मुलं मखराला हात लावतात!"

"असं होय," ऋचा म्हणाली. "म्हणजे अडचण संस्कृतीची नाही, पोपटांची आहे."

देवधरांनी दार लावलं. पण दारं लावून ऋचा थांबणार थोडीच! शनिवारी हळदीकुंकवाच्या तयारीला बायका देवधरांकडेच जमल्या, तशी ती आईच्या, विनीताच्या, मागोमाग आत शिरली. देवधर कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. म्हणजे पेपर समोर धरून ऐकत होते.

विषय होता, यंदा वाण काय लुटायचं?

"झाकणाचे डबे देऊ," प्रेमलताकाकू म्हणाल्या. त्यांचे यजमान बँकेत, बदली होऊन आलेले.

"अहो, गेल्या वर्षीही डबेच होते," मंगलाकाकू म्हणाल्या.

"ते चौकोनी होते."

विनीता हसायला लागली. "माझ्याकडचा चौकोनी डबा मी अनुराधाला दिला, अनुराधाने तुम्हाला, आणि प्रेमलताताई, तुम्ही तो मलाच परत दिलात. झाकणावरची चिकटपट्टी मी ओळखली!"

"सगळ्यांच्या घरी माळ्यावर नुसते डबे आहेत," ऋचा मध्येच म्हणाली. "वस्तू नकोतच ना. प्रत्येकीने एक संध्याकाळ लुटूया. आठवड्यातला एक वार घ्यायचा आणि शेफालीदीचं काम होईपर्यंत खालच्या खोलीत मुलांजवळ बसायचं. अभ्यास घ्या, गोष्ट सांगा, नाहीतर नुसतं विणत बसा."

प्रेमलताकाकूंनी चष्मा पुसला. "म्हणजे वाणासाठी बाजारात हिंडायला नको?"

"नको."

"आणि माझाच डबा मला परत यायला नको?"

"अजिबात नको."

"मग बुधवार माझा."

सोमवार विनीताने घेतला, गुरुवार काकूंनी, गुडघ्यांसकट. वार असे पटापट उठले की बघता बघता आठवडा भरला. आणि मग सगळ्यांच्या नजरा एकदम त्या पेपराकडे वळल्या.

पेपर हळूच खाली आला. देवधरांनी घसा साफ केला. "उत्तम कल्पना आहे. पण किल्ली... किल्ली राहिली नाही."

"म्हणजे?"

"जुनं जानवं गंगेत सोडलं. त्याच्याबरोबर गेली."

मंगलाकाकूंनी हातातलं तिळाचं ताट खाली ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बायका ताट असं खाली ठेवतात तेव्हा नवऱ्याने पळून जावं. देवधर बसून राहिले.

"कधी सोडलंत?"

"नेहमीसारखं. श्रावणीला. नवं घातलं तेव्हा."

"श्रावण झाल्यावर गणपती आले होते ना आपल्याकडे?"

"आले होते."

"मग तेव्हा खोली कशानं उघडलीत?"

देवधरांनी पेपराची घडी घातली. विनीताने पदर तोंडाला लावला.

"नाही म्हणजे... मध्ये एकदा तुटलं. तेव्हा."

"तुटलं आणि नवं कुठून काढलंत? स्वतःचा चष्मा कपाळावर असतो तो सापडत नाही तुम्हाला! जानव्यांची पुडी कुठल्या कपाटात आहे सांगा बघू."

"मी काय आरोपी आहे का?" देवधर ताडकन उठले.

टिण.

बायका अशा हसल्या की ताटातले तीळ उडाले. "गंगामाईने परत केली वाटतं!" ऋचा म्हणाली.

देवधर कानापर्यंत लाल झाले. पण माणूस हट्टी. "हसा. पण मी देणार नाही. मुलांचं काय जातं? एक धक्का, आणि माझी कमान... पुन्हा असं करायला माझे हात आता चालत नाहीत." शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले, म्हणून हसणं थांबलं.

तेवढ्यात शेफाली चहाचा ट्रे घेऊन आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं.

"राहू द्या, काकाबाबू. कशाला त्रास," ती कप ठेवत म्हणाली. "महिनाभराचाच प्रश्न आहे. जिना बंद झाल्यापासून मी टुसूला घरीच ठेवते. बाहेरून कुलूप लावून येते."

"कुलूप?" काकू म्हणाल्या.

"मग काय करू? एकटी मुलगी." शेफाली हसली, पण ते हसू काही नीट बसलं नाही. "आज निघाले तर खिडकीत उभी होती. मला म्हणाली, मा, चाबी नीट ठेव हं. हरवू नको." आणि तिने नकळत पदराचं टोक चाचपलं. तिथे गाठीत किल्ली होती.

चहाच्या कपांना कुणी हात लावला नाही. देवधर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी सदऱ्यात हात घातला, जानवं बाहेर ओढलं आणि किल्लीची गाठ सोडवायला लागले. ती कसली सुटते! वर्षानुवर्षांच्या घामाने तिचा दगड झालेला.

"अगं, कात्री आण."

"जानव्याला कात्री? शहाणेच आहात," म्हणत काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि नवऱ्याच्या पोटाशी नाक नेऊन गाठ उकलायला लागल्या. सगळं मंडळ उभं राहून हा सोहळा बघत होतं. शेवटी गाठ सुटली.

"सोमवारपासून उघडू मग?" विनीताने विचारलं.

"सोमवार कशाला?" देवधर खेकसले. "शेफाली, चहाचं राहू दे. आत्ता जा आणि तिला घेऊन ये. मी खाली दिवे लावतो."

नियमांशिवाय मात्र त्यांचा जीव रमला नसता. मखरासमोर आपण जातीने खुर्ची टाकून पहारा देणार, अशी अट त्यांनी घातली. त्यामुळे बायकांचा आठवड्यातून एकच वार, आजोबांचे सगळेच. पहिल्याच दिवशी टुसूने मखराभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून.

"हे पोपट कुणी केले?"

"मी," देवधर छाती फुगवून म्हणाले.

"मग त्या वरच्याला शेपूट का नाही?"

इतक्या गणपतींत, इतक्या आरत्यांत, हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. देवधरांनी खुर्चीवर चढून पाहिलं. खरंच नव्हती.

हळदीकुंकवाला त्या वर्षी वाणाचं ताट रिकामं होतं. प्रत्येकीने कुंकू लावताना आपला वार सांगितला. शेफालीलाही कुंकू लावलं, तेव्हा ती म्हणाली, "माझा रविवार. फुकट नको मला. तुमची मुलं पाठवा, बाजारात भाव कसा करायचा ते शिकवते. ही ऋचा मासेवाल्याला भाव सोडून रंग विचारते!" मुलांच्या आया खाऊला आळीपाळीने मुरी आणायला लागल्या, चुरमुऱ्यांची बंगाली बहीण ती. ती ठेवायला माळ्यांवरून डबे उतरले. चौकोनी, गोल, चिकटपट्टीवालेसुद्धा. संध्याकाळचं काम सुटलं नाही, थालीपीठ वाचलं, आणि पुण्याची बहीण पुन्हा रुसली.

किल्ली शेफालीकडे राहिली. शाळेतून टुसूला घेऊन सगळ्यांत आधी तीच येते, म्हणून. तिच्या पदराला आता दोन किल्ल्या आहेत, आणि घरच्या कुलपाची किल्ली फक्त संध्याकाळी, दोघी परतल्यावर, कामाला येते.

देवधर मात्र हल्ली जिन्यात अचानक प्रकट होतात. परवा वळणावर ऋचा त्यांच्यावर आपटता आपटता राहिली. "आजोबा, हॉर्न तरी वाजवत चला!"

त्यांचा हात सवयीने छातीशी गेला, तिथे काही नव्हतं. काहीतरी खरमरीत बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात खालून दोन किल्ल्या एकमेकींवर वाजल्या आणि टुसूची हाक आली. देवधर भराभर पायऱ्या उतरायला लागले. खिशात पॉलिशपेपर होता. आज पोपटाला शेपूट बसवायची होती.