पाहुण्याचा गूळ

बाबा गेल्यापासून मला त्यांचा गुळानं चिकट झालेला हात आठवतो.

त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही देवणीजवळच्या त्यांच्या गावी गेलो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि विहिरी आटल्या होत्या. "आजीला यातलं काही कळू देऊ नका," बाबांनी एसटीत मला आणि माझ्या इंग्रज आईला पुन्हा पुन्हा बजावलं. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही भीती वाटू लागली.

आजीनं दारातच गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या बाबांपुढे धरला.

"या पाव्हणं. घ्या."

घरचा माणूस रांजणातून आपलं आपण पाणी घेतो, हे मला बाबांनीच सांगितलं होतं.

ओसरीवर बसलेले शेजारचे सटवाजीकाका आजीकडे बघून हसले. "राणीचा माणूस हाय आता त्यो, नागुकाकू. आपलं पाणी चालतंय का, इचारा तरी."

म्हणजे तिला कळलं होतं. बाबांनी गूळ घेतला, पण खाल्ला नाही. त्यांनी माझा हात धरला तेव्हा तळवा चिकट लागला. आईचा चेहरा पांढरा पडला होता. आता आजी आम्हाला परत पाठवणार, असं मला वाटलं.

तांब्याला हात न लावता बाबा आत गेले. रांजणाचं झाकण काढून त्यांनी तळातलं पाणी घेतलं. आजी बघत राहिली.

"झाकण नीट लाव की रे," ती शेवटी म्हणाली. "टँकर परवा येणार हाय."