मान सरळ ठेव

मुलांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली होती. वर्षानुवर्षं त्या वर्गाला शिकवत होत्या त्या मोठ्या बाई, आणि अध्यापक महाविद्यालयातून सरावासाठी आलेल्या त्या छोट्या बाई. छोट्या बाईंचं वय जेमतेम बाविशीचं. घरी वहिनी अजून त्यांना "वन्सं, गॅस बंद केलात का?" म्हणत दारापर्यंत मागे यायची. पण शाळेच्या पायरीवर पाऊल पडलं की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

चौथीच्या त्या वर्गात फळ्याच्या वर एक कॅमेरा होता. काळा, गुळगुळीत, मुठीएवढा. तो सारखा मुलांचे चेहरे बघायचा. मान सरळ आहे का, डोळे फळ्याकडे आहेत का ते तपासायचा आणि बाईंच्या टेबलावरच्या टॅबलेटमध्ये प्रत्येक बाकाचा ठिपका उमटवायचा. लक्ष असेल तर हिरवा, नसेल तर लाल. संध्याकाळी घरोघरी मेसेज जायचा, आज आपल्या पाल्याचं लक्ष इतके टक्के होतं म्हणून.

छोट्या बाईंना ही शाळा मिळाली तेव्हा मैत्रिणींना हेवा वाटला होता. शिक्षणात तंत्रज्ञान हा त्यांचा हातखंडा विषय; त्यावर प्रकल्प करून त्यांनी कॉलेजात टाळ्या घेतल्या होत्या. एका सरावपाठात त्यांनी मोबाइलवर समुद्राची गाज ऐकवली होती. कधीही समुद्र न पाहिलेली मुलं डोळे मिटून ऐकत राहिली होती. तेव्हापासून त्यांना वाटायचं, यंत्र म्हणजे वर्गाला पडलेली आणखी एक खिडकी.

पहिला धडा नदीचा होता. त्यांनी जीव ओतून शिकवला. डोंगरातून उतरणारं पाणी, त्याचं वळण, त्यानं आणलेला गाळ. टॅबलेट हिरवागार. एकही मूल हललं नाही. बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग त्यांनी विचारलं, "सांगा बरं, गाळ कुठून येतो?"

कुणी बोलेना. सगळे त्यांच्याकडे बघत होते, पण ते बघणं बाजारातल्या मेलेल्या मासळीचं होतं. उघडे डोळे, आत कुणी नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाला सर्दी झाली होती. शेंबूड ओठांपर्यंत ओघळला होता, तरी तो पुसत नव्हता.

"अरे, नाक पूस ना!"

"हात वर नेला की तोंड झाकतं, बाई," तो ओठ जेमतेम हलवत बोलला. "मग लाल होतं. मग घरी मार बसतो."

बाईंनी स्वतःच्या रुमालानं त्याचं नाक पुसलं. तेवढ्यात टेबलावर टिंग वाजलं. त्यांच्या हातामुळे त्याचा ठिपका लाल झाला होता. मुलानं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी त्याचा खिसा कापला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून बारीक आवाज आला. "गाळ डोंगराचा असतो, बाई. पाणी डोंगराला घासतं ना, म्हणून."

ती मुंगी. अंगानं एवढीशी आणि सारखी काही ना काही करणारी, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणायचे. तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर सरकलेला होता आणि ती मान एका खांद्याकडे कलती ठेवून बघायची, पाखरू बघतं तशी. टॅबलेटवर तिचा ठिपका लाल होता. मागे बसून पाठ बघणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तिचा नेहमीच लाल. लक्षच नसतं पोरीचं."

"अहो, पण उत्तर तिनंच दिलं."

"उत्तराचं काय घेऊन बसलात? वरून आकडे मागतात ते लक्षाचे."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. थकल्या होत्या. पण "उत्तराचं काय घेऊन बसलात" हे वाक्य छोट्या बाईंच्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मुंगीची आई शाळेत आली. एका हॉटेलच्या लाँड्रीत ती चादरींना इस्त्री करायची, त्यामुळे तिचे हात कोपरापर्यंत तांबूस दिसायचे. तिनं मोबाइल पुढे धरला. रोजचा मेसेज, रोजचा लाल.

"बाई, मी शिकलेली नाही. पण पोरीला उनाड होऊ देणार नाही," ती म्हणाली. "आता मीच घेतलंय मनावर. रोज कामावरून आलं की तिला भिंतीवरच्या खिळ्यासमोर बसवते. मान दोन्ही हातांनी सरळ धरते आणि सांगते, बघ. रडते, पण मी सोडत नाही."

"असं नका करू हो," छोट्या बाई म्हणाल्या. "ती हुशार आहे."

"मग हे काय खोटं सांगतंय?" आईनं मोबाइल हलवला. हो, खोटं सांगतंय, असं शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून म्हणायची बाईंची छाती झाली नाही.

आईची मेहनत फळाला आली. मुंगी सरळ बसायला लागली. मान ताठ, हात मांडीवर. ठिपका हिरवा झाला. आणि मुंगी गप्प झाली. नदीनंतर आलेल्या कुठल्याच धड्यात तिचा आवाज उठला नाही. वहीतलं अक्षर उताराला लागल्यासारखं ओळ सोडून खाली घसरायला लागलं. मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जवळ घेतलं.

"काय झालं गं? दिसत नाही का?"

"दिसतं की. पण सरळ बघितलं की दोन दोन दिसतं." ती कानाशी येऊन कुजबुजली. "दोन फळे. दोन बाई. एक तुम्ही वर आणि एक तुम्ही खाली."

"आणि मान वाकडी केली की?"

"मग एकच." हे सांगताना तिनं हळूच मान कलती केली, बाईंकडे नीट बघून घेतलं आणि घाबरून पुन्हा सरळ झाली. कॅमेरा तिथं नव्हताही. सुट्टी होती, दोघी नळापाशी उभ्या होत्या.

छोट्या बाई तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. तिथं कंपनीचे साहेब बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, अंगाला सेंटचा घमघमाट. मुलांना ते 'युजर' म्हणायचे. बाईंनी सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टॅबलेट त्यांच्याकडे वळवला.

"हा आलेख बघा. लाल, लाल, लाल, आणि इथून पुढे हिरवा. एवढी सुधारणा अख्ख्या शाळेत कुणाची नाही."

"सर, तिला दिसत नाही त्या स्थितीत."

"दिसत नसतं तर हिरवा आला असता का?" कंपनीचे साहेब हसले. त्यांना ते खरोखरच विनोदी वाटलं होतं. "बाई, उलट तुमचं अभिनंदन. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या शाळांचे पाहुणे येतायत. पाठ तुम्हीच घ्या. आणि ही युजर आपण दाखवू या."

बाई बाहेर आल्या आणि नळाशी जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिल्या.

घरी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. वहिनी ताट उचलताना म्हणाली, "वन्सं, तुमचा ठिपका आज लाल दिसतोय."

"वहिनी, थट्टा नको."

"बरं, नाही करत. काय झालं ते सांगा."

वहिनी डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचं काम करायची. सगळं ऐकल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "सुटीच्या दिवशी तिला आणि तिच्या आईला घेऊन या. नंबर मी लावते. आणि तोवर त्या पोरीची मान कुणी धरू नका."

पण सुटीचा दिवस यायच्या आधी पाहुणे आले. वर्गाच्या मागे खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर सगळ्या बाकांचे ठिपके. आणि शेजारी मुंगीचे दोन फोटो. एकावर 'आधी', मान कलती. दुसऱ्यावर 'नंतर', मान सरळ. 'आधी'च्या फोटोत तिच्या वर सरकलेल्या डोळ्याभोवती कुणीतरी लाल वर्तुळ काढलं होतं. मुंगीनं फोटो बघितला आणि पटकन खाली बघितलं. पडद्यावर टिंग वाजलं. तिनं पुन्हा डोळे वर केले. ते काठोकाठ भरले होते, पण डोळे पुसायला हात वर नेणं तिला परवडणारं नव्हतं.

शिसारी काय असते हे छोट्या बाईंना त्या क्षणी कळलं. अंगावर पाल पडावी तसं त्यांचं सगळं अंग आक्रसलं. हे आपण तंत्रज्ञान म्हणून शिकलो? याच्यावर आपण प्रकल्प केला, टाळ्या घेतल्या? त्यांना कॅमेऱ्याचा राग आला नाही. तो बिचारा नाक, डोळे आणि मान एवढंच ओळखत होता. शिसारी आली ती त्याच्याआड उभ्या राहिलेल्या माणसांची, ज्यांना डोळे होते.

त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि म्हटलं, "मुंगे, वाच बरं."

मुंगी उभी राहिली. मान ताठ. डोळे फळ्यावर वर-खाली फिरले. मग हळूच म्हणाली, "बाई, कुठलं वाचू? वरचं की खालचं?"

फळ्यावर एकच ओळ होती. पाहुण्यांमध्ये हशा पिकला. मुख्याध्यापकही नाइलाजानं हसले. छोट्या बाई हसल्या नाहीत. त्या तिच्या बाकापाशी गेल्या.

"मान तुला हवी तशी ठेव."

मुंगीनं मुख्याध्यापकांकडे बघितलं.

"माझ्याकडे बघ. मी सांगतेय ना? ठेव."

तिची मान हळूहळू खांद्याकडे कलली, आणि ती घडाघडा वाचत सुटली. "नदी आपल्याबरोबर आणलेला गाळ मैदानात पसरवते, म्हणून तिथली जमीन सुपीक होते." आणि न विचारता पुढे म्हणाली, "म्हणजे बाई, डोंगराचीच माती ती, शेतात गेलेली!"

पडद्यावर तिचा ठिपका लालभडक झाला. टिंग, टिंग, टिंग.

"बघा," छोट्या बाई पाहुण्यांकडे वळल्या. "ती वाचत होती, समजून सांगत होती, आणि हे सांगतंय की तिचं लक्ष नाही. धड दिसत नसताना पोर मुकाट सरळ बसली होती तेव्हा मात्र हे खूश होतं."

आता काहीतरी होईल असं बाईंना वाटलं. मग एका पाहुण्यानं कंपनीच्या साहेबांना विचारलं, "मोठा वर्ग असेल तर एक कॅमेरा पुरतो, का दोन लागतात?"

साहेब उत्साहानं उत्तर द्यायला लागले. बाकीचे वह्या काढून लिहून घ्यायला लागले. बाई खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. ते ओरडले असते, आपल्याला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांचं बोलणं कुणाला झोंबलंच नव्हतं. दगडावर पाणी.

नंतर मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावून झाप झाप झापलं. पाहुण्यांसमोर शाळेचं नाक कापलं म्हणाले. मग त्यांनी तोडगा काढला. मुंगीचा बाक दाराशेजारच्या कोपऱ्यात सरकवला, जिथं कॅमेऱ्याची नजर पोचत नव्हती. मुंगी यादीतूनच गेली. म्हणजे चूक यंत्राची आणि यादीबाहेर पोर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या कोपऱ्यात मुंगी मात्र मान कलती करून पुन्हा बोलायला लागली. सर्दीवाल्या मुलानं तर बाईंना विचारलंच, "मला पण तिथं बसवता का?"

सुटीच्या दिवशी छोट्या बाई मायलेकींना घेऊन दवाखान्यात गेल्या. वहिनीनं नंबर पहिलाच लावला होता. डॉक्टरीणबाईंनी मुंगीला बराच वेळ तपासलं, मान इकडे तिकडे कलवून बघितली.

"डोळा हलवणारा एक स्नायू जन्मापासूनच दुबळा आहे," त्या म्हणाल्या. "मान कलती केली की दोन्ही डोळे जुळतात आणि तिला एकच दिसतं. तिनं आपली आपण काढलेली वाट आहे ती. लहानसं ऑपरेशन करू, नजर बरीच सुधारेल. पण तोवर मान सरळ ठेव असं कुणीही म्हणायचं नाही."

मुंगीची आई आपल्या तांबूस हातांकडे बघत बसली. मग तिनं ते पदराखाली लपवले.

"मी दाबून धरायची हो तिला," ती म्हणाली. "ती सांगायची दोन दिसतात म्हणून. मला वाटायचं, बहाणा करते." ती छोट्या बाईंकडे वळली. "तुम्ही लोक शिकलेले. तुम्ही रोज लिहून पाठवायचात. तुमच्यापैकी कुणी एकदा तरी तिच्याकडे बघितलं नव्हतं का?"

बाईंनी मान खाली घातली. त्यांनी बघितलं होतं, बोलल्याही होत्या, पण हे सांगणं त्यांना त्या घडीला फार हलकटपणाचं वाटलं. मुंगी दोघींच्या मध्ये बसून वहिनीनं दिलेल्या लिमलेटच्या गोळीचा कागद सोलत होती.

सराव संपल्यावर कॉलेजात चिंतन लिहून द्यायचं होतं, 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर' या विषयावर. वर्गातल्या बहुतेकांनी ते मोबाइलला सांगून लिहून घेतलं. सगळ्यांची चिंतनं जुळ्या भावंडांसारखी. सगळ्यांचं अध्यापन रंजक झालं होतं, सगळ्यांची मुलं प्रेरित झाली होती. छोट्या बाईंनी शेंबडाबद्दल लिहिलं. लाल वर्तुळाबद्दल लिहिलं. यंत्र वाईट नाही, पण पोराकडे बघायचं काम ज्यानं यंत्रावर सोपवलं त्यानं शिक्षकाची खुर्ची सोडावी, असं लिहिलं.

मार्गदर्शक मॅडमनी कागद दोन बोटांत धरून परत केले. "फार कडवट आहे गं. जरा सकारात्मक करून आण. इतरांची बघ."

"इतरांची त्यांनी लिहिलेली नाहीत, मॅडम."

"मला काय माहीत नाही? मी तरी कुठं वाचते? माझं पण मशीनच तपासतं." मॅडम हसल्या. त्या हसण्यात ना लाज होती ना खंत.

छोट्या बाईंनी एक अक्षर बदललं नाही. काठावरच्या गुणांनी त्या पास झाल्या. वहिनी म्हणाली, "पास झालात ना, मग झालं."

मुंगीचं ऑपरेशन उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं. शाळेत कॅमेरे आता दुसरी-तिसरीच्या वर्गांतही लागले. छोट्या बाईंनी नोकरीसाठी अर्ज केले आणि तिसऱ्या मुलाखतीत त्यांना कुणीतरी ठेवून घेतलं. गावाबाहेरची शाळा, भिंतींचा रंग उडालेला, वर्गात पन्नासेक मुलं. पहिल्या दिवशी त्या आत गेल्या तेव्हा एक मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता, एकजण बाकाखाली काहीतरी शोधत होता, दोघींची पेन्सिलीवरून जुंपली होती. कुणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि खिडकीतून बघणाऱ्या मुलाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"काय दिसतंय रे एवढं?" त्यांनी विचारलं.