दहावी ओळ

"अहो, दिसलं का तिचं नाव?" स्वयंपाकघरातून हिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"थांब गं जरा! थोडी कळ काढ की."

सव्वीस वर्षं कळ काढलेल्या बाईला मी हे सांगत होतो. आमची लेक चिऊ नवव्या वर्षी तापात गेली. तिचा अक्षरांचा खेळ एका फ्लॉपीवर राहिला होता. ज्या संगणकावर ती खेळायची, तो कधीच भंगारात गेला. पण नव्या संगणकाला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर मिळतं, इम्युलेटर म्हणतात त्याला. बुरशी धरलेली ती फ्लॉपी चौदाव्या खेपेला एकदाची वाचली गेली आणि तिथंच खरवडून निकामी झाली. खेळ तेवढा माझ्या संगणकात उतरला.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत दहा नावांची यादी आली. दहावं नाव चिऊ. गुण तीनशे चाळीस.

तेव्हाच हिला हाक मारायची की नाही? पण मी पडलो जन्माचा संगणक-दुरुस्तीवाला. म्हटलं, बटणं चालतात का बघू आधी. वरून अक्षरं पडू लागली, तोच जुना टिकटिक आवाज, आणि मी रंगलो हो! चिऊ मांडीवरच बसलीय असं वाटलं. खेळ संपला. माझे गुण चारशे दहा. पडद्यावर आलं, नाव लिहा. इतक्या वर्षांच्या सवयीनं बोट थेट एंटरवर पडलं.

दहावी ओळ कोरी झाली, पुढं नुसते माझे चारशे दहा. चिऊ यादीबाहेर गेली.

बंद केलं, चालू केलं. कोरीच. 'आधी प्रत काढा, मग हात लावा,' असं गिऱ्हाइकांना बजावणारा मी शहाणा, मीच प्रत काढली नव्हती.

ही ओले हात पुसत आली. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता तोंडाला येईल ते बोलेल.

"त्या दिवशी मी ओरडले होते तिला, पुरे कर म्हणून," ती म्हणाली. "नाव लिहून उठते, म्हणाली."

"मी खेळतो परत. तिचं नाव घालतो."

"नको. ते तिनं लिहिलेलं होतं."

मला रडू आवरेना. ही खुर्ची ओढून बसली, चष्मा लावला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"इथंच होतं ना?"

"हो."

"मग चालू राहू द्या थोडा वेळ."

तिनं बोट काढलं नाही.