काळ्या चाकांचा आवाज

संकल्पच्या गाडीतली पुढची डावी सीट दिवाळीपासून रिकामी होती. जुनी का होईना, घरातली पहिली गाडी. त्या सीटवर आधी बाबा बसतील, मग बाकीचे, असं त्यानं जाहीर करून टाकलं होतं. बाबा काही बसेनात. त्यामुळे आई आणि बायको मयूरी मागं, पुढं संकल्प एकटा. जयपूर स्टेशनाबाहेर दोनदा लोकांनी त्याला टॅक्सीवाला समजून सांगानेरचं भाडं विचारलं. दुसऱ्यांदा त्यानं सांगितलंही.

बाबा, म्हणजे शेषराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. थांबलेल्या गाडीच्या कडेनं चालायचं, चाकावर हातोडी मारायची आणि कान द्यायचा, ही नोकरी. निकोप चाक ठण्ण वाजतं, तडा गेलेलं भसाडं. अकोल्याहून बदल्या होत होत जयपूरला आले, बनी पार्कात स्थिरावले, पण हातोडी काही सुटली नाही.

गाडीच्या आधीच्या मालकानं हौसेनं काळे अलॉय व्हील बसवले होते. उन्हानं आणि ब्रेकच्या काजळीनं त्यांचा रंग विझलेल्या चुलीसारखा झाला होता. संकल्पला वाटलं, बाबा बिचकतात ते या अवकळेला. एका रविवारी तो शाम्पू, जुना टूथब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन अंगणात बसला. टायरवर रंग उडू नये म्हणून फटीत पत्त्यांचा अख्खा कॅट खोचला आणि काळा स्प्रे मारला. दुपारपर्यंत चाकं कोऱ्या पाटीसारखी काळीभोर झाली. टूथब्रश जुना नसून मयूरीचा होता, हे संध्याकाळी कळलं.

रंग वाळल्यावर बाबा हातोडी घेऊन आले. थप्प.

"हे बोलत नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, टायर आहे ना! मतलब, रबर आवाज खातं."

"मंग काढ टायर. आन् हा रंगही काढ. खाली तडा असंल तं दिसाले नको?"

"आत्ताच दिलाय मी रंग!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई, द्वारकाबाई, कडाडली, "बसायचं नसंल तं तसं सांगा ना! चाकाच्या आड काहून लपता?"

बाबांनी चाकावर पुन्हा हातोडी मारली. संकल्प मात्र इरेला पेटला. गाडी विटांवर चढवली, चारी चाकं कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या सुखदेवजींकडं नेऊन टायर उतरवून आणले, थिनरनं सकाळचा काळा रंग पुसून काढला. मग एकेक रिम झोपाळ्याच्या कडीला टांगला. बाबांनी हातोडी मारली. ठण्ण. शेजारचे गृहस्थ चप्पल काढून, हात जोडून फाटकात उभे राहिले. आरती नाही हे त्यांना सांगायला कुणाचं मन होईना.

"चारही निकोप," बाबा म्हणाले आणि घराकडं वळले.

"आता तरी बसाल?"

बाबा पायरीवर टेकले. हातोडी मांडीवर. "आत बसणारा चाकाकडं पाहत नाही रे. पाहूही नये, मंग बसण्यात काय सुख? पण मी बाहेरून चालणारा माणूस. मी आत बसलो तं बाहेर कोण?"

संकल्पनं आपल्या काळ्या हातांकडं पाहिलं. सकाळपासून तो चाकांपुढं बसून होता. ती चकाकतात का, एवढंच त्यानं पाहिलं होतं.

"मी पाहीन," तो म्हणाला.

"ऐकाले येते तुले?"

"नाही."

"खरं बोलला, हे बरं झालं. शिकवतो." बाबा उठले. गाडीकडं गेले, डावं दार उघडलं आणि आत बसले. "आत्ता बसून घेतो. आत्ता चाकंच नाहीत, पाहाले काही नाही."

संकल्प धावत जाऊन शेजारी बसला. गाडी विटांवर किंचित डगमगली. समोर मयूरीनं वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. बाबांनी पाठ टेकली, डोळे मिटले.

थोड्या वेळानं म्हणाले, "हळू घे."

संकल्पनं हळू घेतली.