ओढ्यापलीकडे गेलेल्या माश्या

सकाळी मधपाळ पेट्या बघायला गेला, तर शेवटच्या पेटीतल्या निम्म्याअधिक माश्या राणीला घेऊन उठलेल्या. गुणगुणणारा ढग झाडांच्या शेंड्यांवरून ओढ्याकडे निघाला होता. वर बघत, मुळांना ठेचकाळत तो मागे धावला. ओढा ओलांडला आणि तो थबकला. समोर थोरल्या भावाचं घर होतं.

आईच्या माघारी थोरल्याने अंगणातलं जुनं झाड तोडलं. सुट्टीच्या दिवशी सगळं घर त्याच्याखाली जेवायला बसायचं, पोरं फांद्यांना लोंबकळायची. थोरल्याने झाड तोडलं, धाकट्याने बोलणं तोडलं. रानात एकमेकांची चाहूल लागली तरी दोघं वाट वाकडी करायचे.

माश्या अंगणातल्या एका कोवळ्या झाडाला लगडल्या होत्या. भाऊ खुर्ची टाकून एकटाच त्यांच्याकडे बघत बसला होता. वहिनी लेकीकडे गेली ती तिकडचीच झाली, एवढं मधपाळाच्या कानावर होतं.

"तुझ्या का?"

"माझ्याच."

"चावतील?"

"आत्ता नाही. घरच नाही त्यांना, राखणार काय?"

भाऊ उठला आणि शिडी घेऊन आला. मधपाळाने घरून रिकामी पेटी आणून त्याच्या हातात दिली, शिडीवर चढून फांदी झटकली. घोस धपकन पेटीत पडला. भावाने डोळे गच्च मिटले, पण पेटी सोडली नाही.

उरल्यासुरल्या माश्या आत शिरायला संध्याकाळ होणार होती. भावाने दुसरी खुर्ची आणली. एक खार खोडावरून खाली आली, दोघांना बघून परत फिरली. भाऊ म्हणाला, "ते झाड आतून पोखरलं होतं. वादळात घरावर आलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

पाखरं घरट्यांकडे परतली, माश्याही आत शिरल्या, तशी मधपाळाने पेटी उचलली.

"येतो, दादा."

"दगड निसरडे आहेत. जपून जा."

घरी पेटी जागेवर ठेवून तो दारातूनच बोलायला लागला, "अगं, ते झाड..." आणि थांबला. बायको वारून वर्ष उलटलं होतं. एकदा जाऊन दादांना विचारा तरी, असं म्हणून म्हणून ती थकली होती. तो उंबऱ्यावर टेकला. ओढ्यापलीकडे दिवा लागला. मग आपलाही लावावा म्हणून तो आत गेला.