झुंबर नदीपाशी थांबला

मी एक जुनं पुस्तक आहे मित्रांनो, पण मला पाहिलंत तर तुमचा विश्वास बसणार नाही. माझा एकही कोपरा दुमडलेला नाही. अंगावर तेलाचा डाग नाही, शाईचा नाही, कुणाच्या नावाची रेघोटी नाही. दुकानात मांडलंत तर आजही मी नवंकोरं म्हणून खपेन. एखाद्या माणसाचं असं रूप म्हातारपणी टिकलं, तर लोक विचारतात, काय खाता हो तुम्ही? मला कुणी विचारलं तर सांगेन, काही नाही, नुसता कपाटात असतो.

माझ्या पोटात एका उंटाची गोष्ट आहे. त्याचं नाव झुंबर. आपल्या वऱ्हाडात दिवाळीनंतर मेंढ्या आणि उंट घेऊन जे तांडे येतात ना, त्यांतल्या एका तांड्यातला तो. एका गावाच्या यात्रेत फटाके उडाले, झुंबर बिथरला, दोरी तोडून पळाला आणि हरवला. मग तो आपला तांडा शोधत निघाला. रस्त्यात त्याला एक भांडखोर कावळा भेटतो, एक थकलेलं गाढव भेटतं. शेवटी तो एका नदीपाशी येतो. नदीला अवकाळी पूर आहे आणि पलीकडच्या काठावरून त्याच्या तांड्यातल्या घंटा ऐकू येतात. पुढचं आत्ता सांगत नाही.

मी एका मोठ्या शहरातल्या छापखान्यात जन्मलो. कागदांवर उंट छापला, घड्या घातल्या, पाठीला शिवण मारली. वर चकचकीत मुखपृष्ठ चढवलं, त्यावर लिहिलं, वयोगट आठ ते बारा. ते वाचून मी किती हरखलो म्हणून सांगू! मला वाटलं, आठ ते बारा वर्षांची पोरं आता माझ्यावर तुटून पडणार. नव्या पुस्तकाला जगाची अक्कल नसते.

गठ्ठ्यात बांधून आम्हाला वरवट बकालजवळच्या एका लहान गावातल्या शाळेत आणलं. चौथीपर्यंतची शाळा. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला बोल नको. गठ्ठा सोडला तशी पोरं धावत आली. कुणी माझा वास घेतला, कुणी उंटाच्या पाठीवर बोट फिरवलं. एकीने तर मला उघडून पहिलं वाक्य मोठ्याने वाचलंसुद्धा. तेवढ्यात वरून एक हात आला आणि मी कपाटात गेलो.

तो हात मुख्याध्यापक वामनराव सरांचा. पोरं त्यांना मोठे सर म्हणतात. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आमच्या आधी जी पुस्तकं आली होती ती उधईने, म्हणजे वाळवीने, फस्त केली होती. त्यापायी सरांना तालुक्याच्या कचेरीत उभं राहून जबाब द्यावा लागला, तोही आपल्याहून वयाने लहान साहेबापुढे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सरांनी कपाटाच्या पायांखाली विटा ठेवल्या, आत कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या टाकल्या. दर शनिवारी ते आम्हाला कोरड्या फडक्याने पुसत. एवढ्या मायेने पुसत की मला लाज वाटायची. वाचलं मात्र कधी नाही.

वर्षातून काही वेळा आम्ही बाहेर पडायचो. शाळा तपासणाऱ्या साहेबांची भेट असली की सर आणि चौथीच्या श्रद्धा मॅडम वर्गात दोरी बांधत, आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आम्हाला त्या दोरीवर लटकवत. त्याला वाचन कोपरा म्हणतात. मग एकेक पुस्तक एकेका पोराच्या हातात द्यायचं, फोटो काढायचा, तो ग्रुपवर टाकायचा आणि साहेबांची गाडी वळली की आम्हाला मोजून परत कपाटात. पहिल्या भेटीला मी काजलच्या हातात आलो.

काजल तेव्हा तिसरीत होती. घरची थोडी कपाशी, दोन बकऱ्या, आईबाप दिवसभर वावरात. ठेंगणी म्हणून तिला फोटोसाठी पुढच्या रांगेत बसवलं होतं. पहिलं वाक्य मोठ्याने वाचणारी पोरगी हीच.

“पुस्तकं उघडी धरा. नजर पुस्तकात ठेवा. अन् पानं पलटवू नका बे, फोटो हलते,” सर बजावत होते.

सगळी पोरं दगडासारखी बसली. माझं पान मात्र उलटलं.

“काजल! पान काऊन पलटवलं?”

“सर, ते वाचून झालं ना.”

श्रद्धा मॅडमना हसू आलं. सरांनी फोटो पुन्हा काढला. पुस्तकं गोळा करायला ते आले तेव्हा काजलने मला छातीशी धरलं होतं.

“सर, मले घरी नेऊ द्या ना. सकाळी आणून देतो.”

“हाव, अन् राती बकरीनं खाल्लं त मी काय दाखवू? पुढच्या भेटीले वाचजो.”

पोरगी हट्टाची. तिने ते खरं मानलं. साहेब येणार म्हटलं की सगळी शाळा झाडझुडीला लागायची आणि ही विचारायची, “मॅडम, साहेब कधी येतेत?” अख्ख्या जिल्ह्यात साहेबांची इतक्या आतुरतेने वाट पाहणारं दुसरं माणूस नसेल. साहेब आले की ती दोरीवरून नेमका मला काढून घ्यायची, जिथे सोडलं होतं तिथे उघडायची आणि फोटो होईपर्यंत घाईघाईने वाचायची. असं करत झुंबर कावळ्याशी भांडला, गाढवाजवळ झोपला. मधल्या काळात खिचडीच्या रांगेत ती इतरांना तेवढी गोष्ट सांगायची. कपाटाचं एक दार जरा वाकलेलं आहे, त्याच्या फटीतून मला ऐकू यायचं. पोरं म्हणायची, “मंग?” काजल म्हणायची, “मंग साहेब आल्यावर.”

दसऱ्याच्या आधी शाळेत पाटीपूजन झालं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, झेंडू वाहिले, आणि सगळ्यांत सुंदर मुखपृष्ठ म्हणून पाटावर मला ठेवलं. स्वयंपाकीण बनाबाईंनी मला हळदकुंकू लावलं. काजल पाटासमोर हात जोडून बसली होती, पण तिची नजर देवीवर नव्हती. हळूच तिने हात पुढे केला.

“अवं, पूजेतलं पुस्तक वाचू नये आज,” बनाबाई म्हणाल्या.

“मंग उद्या?”

“उद्या पाहू.”

उद्या सुट्टी होती. सुट्टीनंतर मी कपाटात होतो. देवीची मूर्ती मखरात बसते आणि पुस्तक कुलपात, मान दोघांनाही सारखाच. कुंकवाचा एक ठिपका माझ्यावर राहिला होता, सरांनी तोही पुसला.

मित्रांनो, सुरुवातीला मला फार वाईट वाटायचं. कपाटाबाहेर पोरं पाढे म्हणायची, भांडायची, रडायची, आणि मी आत डांबराच्या वासात बसलेला. मग हळूहळू वाईट वाटेनासं झालं. हात फार वेळ अंगाखाली दाबला गेला की आधी मुंग्या येतात आणि मग काहीच कळत नाही, तसं. शनिवारी फडकं फिरायचं, ते मला कळायचंही नाही. शेजारच्या पुस्तकाचंही तसंच झालं होतं. आम्ही एकमेकांशी बोलणं कधीच सोडलं होतं. काजलच्या हातात गेल्यावर तेवढं जरा जागं व्हायचो.

काजल चौथीत गेली. चौथीनंतर वरवटच्या मोठ्या शाळेत जायचं, म्हणजे या कपाटाशी तिचा संबंध संपला. त्या वर्षी साहेबांच्या भेटी कमी झाल्या. झुंबर नदीपाशी येऊन थांबला होता. परीक्षा जवळ आली तेव्हा श्रद्धा मॅडमच सरांना म्हणाल्या, “सर, ती पोरगी दोन वर्षांपासून एकच पुस्तक वाचतेय. घरी नका देऊ, पण इथं बसून तरी पुरं करू द्या.”

सरांनी थोडा विचार केला. मग किल्ली काढली. मी खरंच सांगतो, माझ्या शिवणीतून काहीतरी सरकलं.

दुपारची वेळ होती. सरांच्या टेबलाशेजारी काजल मांडी घालून बसली. साहेब नाही, फोटो नाही, घाई नाही. तिने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचली. आता हक्काचा वेळ मिळाला होता, तो तिने पुरेपूर वसूल केला. ओठ हलवत ती वाचत होती. नदीचं पान आलं. पूर, अंधार, पलीकडे घंटा. झुंबरने एक पाय पाण्यात टाकला. काजलने पान उलटलं.

पुढची पानं उघडेनात.

छापखान्यात घाईघाईत माझी शेवटची घडी नीट कापली गेली नव्हती. वरच्या कडेला पानं एकमेकांना जोडलेली राहिली होती. मला ते ठाऊक नव्हतं. तिथपर्यंत कुणी आलंच नव्हतं, तर कळणार कुठून?

काजलने मला बाजूने वाकवून आत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, “सर, पानं जुडेल हायेत. पट्टीनं फाडू का?”

सर दचकून उठले. “ए, ए! हात लावू नको. फाटलं म्हणजे?”

“सर, पट्टी घालून हळूच ओढलं की होतं,” मॅडम म्हणाल्या. “माझ्यासमोर करते ती.”

“मॅडम, तुमच्यासमोर होईन अन् जबाब मले द्या लागीन. पुस्तक सदोष आहे. मी वर कळवतो, बदलून येईन. नवीन आलं की काजल, पयले तुलेच.”

त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं. रागाने नाही, अगदी अलगद. कपाटात ठेवण्याआधी फडक्याने पुसलं. त्यांनी वर कळवलंही, खोटं कशाला बोलू? पण वर उंटाच्या गोष्टीपेक्षा मोठी कामं असतात. बदली प्रत आली नाही.

चौथीच्या पोरांना निरोप द्यायचा दिवस आला. बनाबाईंनी शिरा केला होता. कुणी गाणं म्हटलं, कुणी नक्कल केली. काजलची पाळी आली तेव्हा पोरंच ओरडली, “उंटाची सांग! पुरी सांग!”

ती उभी राहिली आणि तिने झुंबर सांगितला. मित्रांनो, मी स्वतः झुंबर आहे, तरी मला तो इतका छान माहीत नव्हता. कावळ्याचा आवाज तिने काढला तेव्हा लहान पोरं लोळली. गाढव बोललं तेव्हा बनाबाईंनी पदर डोळ्याला लावला. शेवटी नदी आली. काजलने पायाने पाणी चाचपून दाखवलं, कान देऊन घंटा ऐकल्या, आणि गप्प झाली.

“मंग?” पोरं म्हणाली.

“मंग काही नाही.”

“काही नाही म्हणजे? गेला का नाही तो पल्याड?”

तिने शेवट बनवून सांगितला असता तर कुणाला कळलं असतं? पोरं टाळ्या वाजवून शिरा खायला गेली असती. पण तिने सरांकडे पाहिलं नाही, मॅडमकडे पाहिलं नाही, खाली पाहत म्हणाली, “मले नाही मालूम. तो अजून काठावरच उभा हाय.”

सरांच्या हातातली शिऱ्याची वाटी तशीच राहिली.

पोरं गेल्यावर सरांनी कपाट उघडलं. मला काढलं, शेवटची घडी शोधली. टेबलावरची लाकडी पट्टी उचलली, दोन पानांच्या मधे घातली. पट्टीची धार कडेला टेकली. मला वाटलं, आता. सर बराच वेळ तसेच उभे होते. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. मग त्यांनी पट्टी बाहेर काढली, टेबलावर ठेवली, आणि मला पुसून कपाटात ठेवलं. कुलूप लावलं आणि ते नीट लागलं की नाही ते ओढून पाहिलं.

मला त्यांचा राग आला नाही. राग यायला हवा होता, आणि तो आला नाही, याचंच मला कधीकधी भय वाटतं.

तर मित्रांनो, पुस्तकाने शेवटी तुम्हाला सांगायचं असतं की आमची काळजी घ्या, आम्हाला फाडू नका, मळवू नका. ते सांगायला माझी जीभ रेटत नाही. एवढी काळजी माझी घेतली गेली की माझ्यात जीव उरला नाही. मला खिचडीच्या हातांनी धरा. वावरात न्या, बांधावर, धुऱ्यावर पालथं टाकून बोरं वेचायला जा. बकरीने एखादं पान खाल्लं तर खाऊ द्या, तेवढं तुम्ही मनाने भरून काढाल. मला एवढं वापरा की उधईलासुद्धा माझ्यात काही शिल्लक मिळू नये.

आणि एक काम करा. तुमच्यापैकी कुणी वरवटच्या शाळेत जात असेल, तर पाचवीच्या वर्गात एक ठेंगणी पोरगी असेल, तिला काजल म्हणून हाक मारा. तिला सांगा, झुंबर पल्याड पोचतो. कसा पोचतो ते सांगू नका, ते तुम्हालाही माहीत नाही. ते तिने स्वतः येऊन वाचायचं आहे. शनिवारी दुपारी सर फडकं मारायला कपाट उघडतात. तेव्हा ये म्हणावं, आणि कंपासपेटीतली पट्टी घेऊन ये.